काय एकत्र लागावं आणि काय एकत्र बंद पडू नये: कोथरूडमधल्या एका स्वयंपाकघराचं वायरिंग

कोथरूडमधली १९९४ सालची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. स्वयंपाकघर साधारण ११ फूट बाय ८ फूट, ओटा एल आकाराचा, लांब बाजूला गॅस आणि आखूड बाजूला खिडकीखाली सिंक. एक दार पॅसेजमधून आत येतं, दुसरं ड्राय बाल्कनीत उघडतं. घरात काका-काकू, मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नात. ओटा बदलायचा, ट्रॉल्या, वर कपाटं, चिमणी, नवीन टाइल्स, हे सगळं ठरलेलं होतं. मला बोलावलं तेव्हा सुताराचं ड्रॉइंगही तयार होतं आणि त्यात छताच्या मधोमध दिव्यांचे चार गोल काढलेले होते. लाइटचं काम त्या चार गोलांत संपलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. माझ्याकडून फक्त प्लग कुठे हवेत एवढं हवं होतं.

दिवे कोणते घ्यायचे यावर घरोघरी भरपूर काथ्याकूट होतो. कुठला दिवा कुठल्या बटणावर आणि ते बटण कुठल्या एमसीबीवर (भार वाढला किंवा शॉर्ट झालं की आपोआप पडणाऱ्या स्विचवर), हे मात्र वायरमन ऐनवेळी भिंतीसमोर उभा राहून ठरवतो. या घरात ते तोडफोडीआधी कागदावर आलं, म्हणून हे प्रकरण खाचाखोचांसकट मांडते आहे.

जुनं काय होतं

मीटरपाशी किटकॅट फ्यूज, घरात एक मेन स्विच आणि सगळ्या घराला मिळून दोन सर्किटं. स्वयंपाकघरातली ट्यूब, हॉलचे दिवे-पंखे आणि फ्रीज एकाच वायरवर. मिक्सर लावला की ट्यूब लुकलुकायची. हे घरच्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तक्रारींच्या यादीत त्याचा उल्लेखही नव्हता. फ्रीज आणि आरओ मागाहून आलेले, त्यांच्या वायरी पट्टीतून भिंतीवरून फिरवलेल्या. दिव्यांच्या पॉइंटना अर्थिंग नाहीच. एकुलता एक बोर्ड पॅसेजच्या दाराआड. म्हणजे अंधारात आत शिरायचं, दार अर्धं ओढायचं, त्याच्या मागे हात घालायचा, मग उजेड.

स्वयंपाकघराचं वायरिंग पूर्ण नवीन आणि त्याबरोबर घराची डीबीही (एमसीबींची पेटी) नवीन, ही माझी पहिली अट होती. स्लॅबमधल्या जुन्या पाइपांतून नव्या वायरी ओढून बघितल्या, दोन पाइप आतून चेपलेले निघाले. स्लॅबला झिरी मारायची नाही, कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही, त्यामुळे वायरी पॅसेजवरच्या माळ्यातून आणायच्या ठरल्या. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघितला. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, गिझर, एसी धरून तो तोकडा पडत होता. भार वाढवायचा अर्ज परवानाधारक ठेकेदाराकडून लगेच टाकला.

सावली कुठे पडते

एका संध्याकाळी सूनबाई भाजी चिरत होत्या तेव्हा मी बाजूला नुसती उभी राहिले. ट्यूब त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. त्यांच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली बरोबर विळीवर, ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स मात्र लख्ख. कढईत काय चाललंय ते बघायला त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तो परत खिशात टाकला, इतक्या सवयीने की आपण काही वेगळं करतोय हे त्यांना जाणवलंही नसावं. काकू तांदूळ निवडायचं ताट घेऊन हॉलमध्ये जातात, कारण 'इथे खडा दिसत नाही'.

सुताराच्या ड्रॉइंगमधले चार गोल म्हणजे ह्याच चुकीची नवी आवृत्ती होती. खोलीच्या मध्यावर दिवे, ओटा भिंतीला, मध्ये माणूस. जास्त वॅटचे दिवे लावले तर सावली जास्त काळी पडते, दुसरं काही होत नाही.

म्हणून छताचे दिवे मध्यावरून उचलून ओट्याच्या कडेवर आणले. ओटा २४ इंच खोल, वरची कपाटं १२ इंच. भिंतीपासून २२ इंचांवर दिवा असला की तो कपाटाच्या पुढे राहतो आणि उजेड डोक्याच्या पुढून खाली येतो. सगळ्या खोलीला फॉल्स सीलिंग नको होतं, उंची कमी होते आणि वर झुरळांची सोय होते. फक्त ओट्याच्या दोन बाजूंना अडीच फूट रुंद आणि पाच इंच खाली उतरलेला पीओपीचा पट्टा केला. त्यात दिवेही बसले आणि पाइपही लपले. छताचा पंखा काढून टाकला. तो गॅसची ज्योत हलवतो, आणि दिव्याखाली पातं फिरत असेल तर ओट्यावर सावल्यांची भिरभिर होते.

छताला ८ वॅटचे चार एलईडी. वॅटला ९० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरले तर सुमारे २,९०० लुमेन होतात. त्यातला निम्मा उजेड कामाच्या पातळीवर पोचतो असं धरलं, खोली ८ चौरस मीटरच्या थोडी वर, म्हणजे १७५ लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाच्या मापाने) आसपास. वावरायला, कपाटातला डबा शोधायला एवढा पुरे. कांदा चिरायला, डाळीतला खडा बघायला मी ३०० ते ५०० लक्स धरते. तो उजेड छतावरून आणायचा नाही, वरच्या कपाटाच्या तळातून आणायचा.

तिथे एलईडी पट्टी, अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, दुधी डिफ्यूजरसकट. चिमणीच्या एका बाजूला ५ फूट, दुसऱ्या बाजूला ३ फूट, मिळून सुमारे २.४ मीटर. मीटरला ९.६ वॅटची पट्टी, म्हणजे २३ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी, पूर्ण क्षमतेवर चालवू नये, ८० टक्क्यांवर थांबावं, म्हणून ३६ वॅटचा घेतला. पट्टी १२ ऐवजी २४ व्होल्टची घेतली. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, त्यामुळे पट्टीचं दूरचं टोक मंद पडत नाही.

प्रोफाइल कपाटाच्या तळाशी कुठे लावायचं यावर सुताराशी जरा वाद झाला. त्याला ते मागे, भिंतीला टेकवून हवं होतं, 'दिसत नाही म्हणून'. मागे लावलं की टाइल्स उजळतात आणि हाताखालचा ओटा तसाच राहतो. कपाटाच्या पुढच्या कडपट्टीच्या आड, भिंतीकडे थोडं कललेलं, असं ठरलं. दुधी डिफ्यूजर का, तर ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, पॉलिश केलेला. उघडी पट्टी लावली असती तर ओट्यात एकेक एलईडी ठिपक्यासारखा चमकला असता आणि डोळे दिपले असते.

सिंकवर खिडकी आहे, कपाट नाही, त्यामुळे तिथे छताला वेगळा ८ वॅटचा दिवा. कोपऱ्यातल्या देवघराला ३ वॅटचा छोटा दिवा, समईच्या बरोबर वर नाही, बाजूला. वर लावला तर काजळी आणि धग दोन्ही त्यालाच. ड्राय बाल्कनीत पावसाचे शिंतोडे येतात, तिथे ९ वॅटचा, पाणी आत न शिरणारा बंद दिवा. आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यांसाठी पॅसेजच्या बाजूच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर वर १ वॅटचा फूटलाइट. मुलाला ट्रॉल्यांच्या खाली, स्कर्टिंगला पट्टी हवी होती. आपल्याकडे फरशी पाणी टाकून धुतात, त्यामुळे ती पट्टी वर्षभरही टिकली नसती. काचेच्या कपाटातले दिवे मी यादीतून काढले, कोणी फारसं हळहळलं नाही.

रंगाचा प्रश्न काकूंनी सोडवला. मुलाला पिवळसर ३००० केल्व्हिन हवा होता, काकूंना ट्यूबसारखा पांढरा. तीन पट्ट्यांचे तुकडे आणले, ३०००, ४००० आणि ६५००. एकेकाच्या खाली मेथीची जुडी, हळद आणि वाटीभर भात ठेवला. '३०००'खाली काकू म्हणाल्या, "अगं, हा भात कालचा वाटतोय." ६५०० मध्ये मेथी करडी दिसली, हे त्यांनाही पटलं. ओटा आणि छत दोन्हीकडे ४००० ठरला आणि पट्टीचा रंगदर्शक निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा घेतला. ओट्यावर एक रंग आणि छताला दुसरा असं करू नये, ताटातला पदार्थ दर पावलाला वेगळा दिसतो. देवघर तेवढं ३००० वर ठेवलं.

सर्किट: दोन का, एक का नाही

मोजले तर पॉइंट झाले दहा: छताचे चार, सिंक, पट्टी, देवघर, बाल्कनी, फूटलाइट आणि एक्झॉस्ट फॅन. एकूण भार सव्वाशे वॅटच्या आत. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, ही मर्यादा आपल्याकडच्या वायरिंगच्या संहितेत कित्येक वर्षं आहे. त्या हिशेबाने एकच सर्किट नियमात बसत होतं. वायरमनने तसंच धरलं होतं आणि भाराच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं.

पण ही ८०० वॅटची मर्यादा आली तेव्हा दिवे म्हणजे ६० आणि १०० वॅटचे बल्ब होते. एलईडीच्या काळात भाराचा प्रश्न दिव्यांपुरता जवळजवळ संपला आहे. उरतो तो वेगळा प्रश्न: काही बिघडलं तर किती अंधार होतो? कढईत तेल तापलंय, हातात सुरी आहे आणि सगळं एकदम गेलं, हा प्रसंग टाळायचा असेल तर स्वयंपाकघरातले दिवे किमान दोन वाटांनी आले पाहिजेत.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. दोन सर्किटं, दोन एमसीबी, पण वर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, एकच असेल तर उपयोग अर्धाच. (बाजारात अजून सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, मीही दुकानात तेच म्हणते.) शॉर्ट झालं तर एकच एमसीबी पडेल हे खरं. पण लीकेज झालं, म्हणजे आरओमधून पाणी झिरपून प्लगपाशी पोचलं किंवा वॉशिंग मशीनच्या हीटरचा इन्सुलेशन गेला, तर आरसीसीबी पडतो आणि त्याच्याखालचं सगळं जातं. स्वयंपाकघरात लीकेजची शक्यता सगळ्यात जास्त, आणि घरात त्याच खोलीत अंधार सगळ्यात महाग.

म्हणून तीन वाटा केल्या. पहिल्या आरसीसीबीवर घरातले दिवे-पंखे, त्यात स्वयंपाकघराचे छताचे दिवे, सिंकचा दिवा आणि एक्झॉस्ट. दुसऱ्यावर सगळे प्लग, गिझर, वॉशिंग मशीन, म्हणजे पाण्याशी संबंध असलेलं सगळं. तिसरी वाट इन्व्हर्टरची: त्याच्या आउटपुटला वेगळी छोटी डीबी, तिचा स्वतःचा आरसीसीबी, आणि त्यावर ओट्यावरची पट्टी, देवघर, फूटलाइट, बाल्कनीचा दिवा. तिन्ही ३० मिलिअँपिअरचे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे धरूनच लोक दिवस आखतात. त्या दिवशी ओट्यावरचा उजेड इन्व्हर्टरवर राहावा हे सगळ्यांना लगेच कळलं. पण त्याहून मोलाचं हे, की प्लगचा आरसीसीबी पडला तर दोन्ही प्रकारचे दिवे चालू राहतात, आणि छताचा पडला तर पट्टी राहते.

दिव्यांची वायर १.५ चौरस मिलिमीटर, एमसीबी ६ अँपिअर, प्रत्येक पॉइंटला हिरवी अर्थची वायर. वायरमनच्या पिशवीत १६ चे एमसीबी शिल्लक होते, 'मोठा लावला तर पडणार नाही' हे त्याचं समर्थन. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सव्वाशे वॅटच्या भाराला ६ चाही कधी पडणार नाही.

प्लगचं थोडक्यात. फ्रीजला वेगळं सर्किट, म्हणजे घर बंद असताना दुसऱ्या कशामुळे एमसीबी पडून फ्रीज बंद पडायला नको. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह दोन वेगळ्या सर्किटांवर: दोन्ही २,००० वॅट धरले तर एकत्र ४,००० भागिले २३० म्हणजे १७ अँपिअरच्या वर, १६ च्या एमसीबीच्या क्षमतेपलीकडे जातं. मिक्सर आणि ओट्यावरचा जास्तीचा प्लग मिळून एक. चिमणी, आरओ आणि शेगडीच्या इग्निशनचा ६ अँपिअरचा प्लग मिळून एक. १६ अँपिअरच्या प्लगना ४ चौरस मिलिमीटरची वायर. सिलिंडरच्या ट्रॉलीत एकही पॉइंट ठेवला नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, तिथे बटणाची ठिणगी नको.

बटणं: पुठ्ठ्याची रंगीत तालीम

बटणांच्या जागा मी कागदावर पक्क्या केल्या नाहीत. तोडफोडीच्या आधी पुठ्ठ्याचे तुकडे प्लेटच्या मापाने कापून, त्यावर पेनने बटणं काढून, चिकटपट्टीने भिंतीवर लावून दिले. घरच्यांनी तसेच काही दिवस काढले. काकूंचा हात सवयीने दाराआडच जात होता, तो काही मोजायचा नाही. पण सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशी बाल्कनीच्या दाराने आत येतात आणि अंधारात सगळं स्वयंपाकघर ओलांडून पॅसेजपर्यंत जातात, हे त्या पुठ्ठ्यांमुळेच बोलण्यात आलं. घरच्या कोणाच्याही ते लक्षात नव्हतं, कारण त्या वेळी घरातलं कोणी तिथे नसायचं.

छताच्या दिव्यांना त्यामुळे टू-वे मिळाला, जिन्याला असतो तसा: एक बटण पॅसेजच्या दाराशी, एक बाल्कनीच्या दाराशी. पॅसेजकडचा बोर्ड दाराच्या बिजागरीच्या बाजूने काढून कुलपाच्या बाजूला आणला, जमिनीपासून चार फुटांवर. त्याच भिंतीला सुताराच्या ड्रॉइंगमध्ये सात फुटी उभं कपाट होतं. ते नऊ इंच सरकवावं लागलं, नाहीतर नवा बोर्डही कपाटाआड गेला असता. हे असं फार घरांत होतं. वायरिंग आधी, फर्निचर नंतर, आणि दोघांची ड्रॉइंगं एकमेकांना कधी दाखवलेलीच नसतात.

पट्टीचं बटण ओट्याच्या कोरड्या टोकाला, मिक्सरच्या प्लगशेजारी, ओट्यापासून फूटभर वर. मुलाला हात हलवला की लागणारा सेन्सर हवा होता. कणकेच्या हाताला ते सोयीचं आहे, कबूल. पण शेगडीच्या वरच्या बाजूला कपाटाखाली तेलाची वाफ बसते, सेन्सरवर चिकट थर चढला की तो आपल्या मर्जीने चालू-बंद होतो. त्याऐवजी मोठ्या पाकळीचं साधं बटण घेतलं, कोपराने दाबता येईल असं. सिंकच्या तीन फुटांच्या आत आणि शेगडीच्या बरोबर वर एकही बोर्ड नाही.

दोन्ही दारांशी बटणांचा क्रम सारखा: दाराला सगळ्यात जवळचं ते छताचं. लाल इंडिकेटरवाली बटणं दिव्यांना लावू दिली नाहीत. इंडिकेटरमधून बटण बंद असतानाही किंचित करंट दिव्याकडे जात राहतो. जुन्या बल्बला त्याचा पत्ताही लागायचा नाही, एलईडी मात्र रात्रभर मिणमिणतो किंवा मधूनच लुकलुकतो. लोक मग दिवा खराब म्हणून बदलतात.

टू-वेच्या दुसऱ्या डब्यात वायरमन सहसा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, नेत नाही. जिथे बोर्डावर प्लग असतात तिथे न्यूट्रल आपोआप येतो, पण नुसत्या टू-वेच्या डब्यात त्याचं काही काम नसतं. पुढेमागे स्मार्ट मॉड्यूल बसवायचं तर तो लागतो. पाइप उघडा असतानाच ओढून, टोक बंद करून डब्यात ठेवून दिला.

तीन वॅटचा दिवा आणि नऊ वॅटचा दिवा

टाइल्स लागायच्या आधी चाचणी ठेवली होती. मेगरने, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टवर तपासलं. किमान १ मेगओम लागतो, सगळी सर्किटं त्याच्या कितीतरी वर होती. (मेगर लावताना ड्रायव्हर, एलईडी सगळं सोडवून ठेवायचं, नाहीतर तेच जळतात.) मग पुरवठा दिला. बाल्कनीत खरा दिवा अजून आला नव्हता, वायरमनने होल्डरमध्ये ३ वॅटचा नाइट बल्ब लावून दाखवला. लागला. सगळं ठीक.

दोन दिवसांनी बाल्कनीचा ९ वॅटचा दिवा आला. बटण दाबलं आणि इन्व्हर्टरचा आरसीसीबी पडला. परत चढवला, परत पडला. वायरमनने दिवा खराब ठरवला, दुकानातून बदलून आणला, तोही तसाच.

दिवा चांगला होता. बाल्कनीच्या दिव्याला फेज (करंट आणणारी वायर) इन्व्हर्टरच्या सर्किटमधून, स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून गेलेली होती. न्यूट्रल मात्र वॉशिंग मशीनच्या डब्यातून घेतला होता. "मॅडम, न्यूट्रल तर शेजारीच होता," वायरमन म्हणाला, आणि डबा खरंच हातभर अंतरावर होता. पण तो न्यूट्रल प्लगच्या आरसीसीबीचा. म्हणजे करंट एका वाटेने गेला आणि दुसऱ्या वाटेने परत आला. आरसीसीबी नेमकं एवढंच बघतो, की जेवढा करंट गेला तेवढाच माझ्यामधून परत आला का. नाही आला तर तो गळती समजतो.

मग ३ वॅटचा कसा चालला? ३ भागिले २३० म्हणजे १३ मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, असं त्याचं प्रमाण आहे. ९ वॅटला ३९ मिलिअँपिअर, पॉवर फॅक्टर (एलईडी वॅटच्या हिशेबापेक्षा जरा जास्त करंट ओढतो ते) धरला तर त्याहून जास्तच. पूर्वी ६० वॅटचा बल्ब लावला की अडीचशेच्या वर मिलिअँपिअरचा फरक पडायचा आणि ही चूक पहिल्याच दाबाला उघडी व्हायची. एलईडीच्या बारीक करंटमुळे ती आता दडून राहू शकते, आणि मग कधीतरी, दुसऱ्या एखाद्या उपकरणाची दोन-चार मिलिअँपिअरची गळती मिळाली की 'कारण नसताना' घर अंधारात जातं. लोक कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतात. इन्व्हर्टरच्या सर्किटला दुसरीकडचा न्यूट्रल जोडणं तर आणखी वाईट. वीज गेलेली आहे म्हणून प्लगच्या वायरिंगला कोणी हात लावायला जावं, तर त्याच्या न्यूट्रलमध्ये इन्व्हर्टरवर चाललेल्या दिव्याचा करंट असतो.

भिंत अजून उघडी होती, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बोर्डावरून फेजसोबत न्यूट्रलची नवी वायर ओढायला अर्धा तास लागला. टाइल्स लागलेल्या असत्या तर भिंतीवरून वायरची पट्टी मारावी लागली असती. त्यानंतर आम्ही सगळ्या घराच्या न्यूट्रल वायरी डीबीत सुट्या करून, एकेक सर्किट एकटं चालू करून तपासली. माझा आग्रह असतो की हे काम दिवा लागतो की नाही यावर सोडू नये, आणि चाचणीला खऱ्या वॅटचाच दिवा लावावा.

सुतार, गवंडी आणि ड्रायव्हर

चिमणीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या, त्यांना ड्रायव्हर एक. दोघींना जोडणारी वायर चिमणीच्या मागून, भिंतीतून जायला हवी, आणि तो पाइप टाइल्सच्या आधी टाकायला हवा. हे ड्रॉइंगवर लाल शाईने लिहिलं होतं तरी गवंड्याने तिथली झिरी भरून टाकली होती, टाइल चिकटवायच्या आदल्या दिवशी परत उकरली.

ड्रायव्हर सुताराने चिमणीच्या डक्टच्या खोक्यात ठेवायचं ठरवलं होतं, कारण तिथे जागा रिकामी होती. एलईडीची पट्टी टिकते, ड्रायव्हर आधी जातो, आणि उष्णतेत तर फारच लवकर. तो शेजारच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जाळीच्या आणि दोन स्क्रूवर निघणाऱ्या फळीमागे गेला. कप्पा उघडला की स्टुलावर उभं राहून बदलता येतो, कपाट खोलावं लागत नाही.

टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीला मेजरटेप लावून फोटो काढले. ते छापून डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवले आहेत, आणि एमसीबीवर मराठीत नावं: 'ओटा पट्टी', 'छत', 'फ्रीज – बंद करू नये'. आरओ बसवायला आलेल्या माणसाने ड्रिल लावायच्या आधी तो फोटो बघितला आणि भोक चार इंच डावीकडे घेतलं.

राहायला लागल्यावर वापर कागदावरच्यापेक्षा जरा वेगळा निघाला. काकू पहाटे फक्त पट्टी आणि देवघर लावतात, छताचे दिवे मावशी आल्यावरच लागतात. फूटलाइट कोणी बंदच करत नाही. एक्झॉस्टचं बटण बाल्कनीच्या दाराशी ठेवलं होतं, ते सूनबाईंना शेगडीजवळ हवं आहे. पट्टीच्या बोर्डात एक जागा रिकामी आहे, पण तिथे इन्व्हर्टरची फेज आहे आणि एक्झॉस्ट छताच्या सर्किटवर. म्हणजे बटण हलवायचं तर एक्झॉस्ट पूर्णपणे, न्यूट्रलसकट, इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्यावा लागेल. पाइपात दोन वायरींची जागा आहे, ते करून देणार आहे. मुलाने छताच्या दिव्यांना स्मार्ट मॉड्यूल बसवायचं मनावर घेतलं आहे. न्यूट्रल दोन्ही डब्यांत आहे, फक्त मॉड्यूल टू-वेवर चालणारं घे म्हणून सांगितलंय, नाहीतर मावशींचं बाल्कनीकडचं बटण निकामी होईल.